कापसाची वाट आणि राष्ट्रांची मैत्री
(जठारपेठ, अकोला येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानास आम्ही योजिलेला विषय ऐकून काही मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. राष्ट्राराष्ट्रांतील मैत्री कशावर उभी असते, हा प्रश्न दिल्लीच्या मुत्सद्द्यांचा. त्याचा ऊहापोह जठारपेठेत कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आम्ही प्रारंभीच देतो. हा प्रश्न जितका दिल्लीचा आहे तितकाच अकोल्याच्या कापूसबाजाराचाही आहे. गेल्या दोनशे वर्षांतील कित्येक तहांची आणि तंट्यांची वाट आपल्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून गेलेली आहे. ज्या शेतात आपल्या आजीपणजींनी सीतादही करून पहिली वेचणी केली, त्या शेतातील बोंडाचा भाव लिव्हरपूल, ओसाका आणि न्यूयॉर्क येथील घडामोडींनी ठरत आला आहे.

राष्ट्रे तह करतात तेव्हा भाषा स्नेहाची असते. ‘चिरंतन मैत्री’, ‘परस्परांचे हित’ असे शब्द त्यात असतात. आम्ही हे सर्व शब्द खोटे मानीत नाही. धर्म, भाषा, तत्त्वनिष्ठा यांनाही राष्ट्रांच्या वर्तनात स्थान आहे, आणि त्याचा एक उज्ज्वल दाखला आम्ही पुढे देणार आहोत. परंतु कसोटीच्या वेळी तहाच्या कागदाखाली धान्य, तेल, लोखंड, सोरा किंवा कापूस यांपैकी काय आहे, आणि ते कोणाच्या वाटेने कोणाच्या घरी पोहोचते, हे पाहिल्यावाचून त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

प्रथम आपल्याच प्रांताची कथा घेऊ. हैदराबादच्या निजामाने इंग्रजांशी मैत्री केली आणि त्या मैत्रीपोटी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज, जिला कंटिंजंट म्हणत, तिचा खर्च अंगावर घेतला. खर्च भागेना, कंपनी सरकारचे कर्ज साचत गेले. अखेर २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चासाठी व कर्जफेडीसाठी वऱ्हाड, तसेच रायचूर दोआब व धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. तहातील शब्द ‘नेमून दिलेला मुलूख’ असे होते. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. परंतु सारावसुली इंग्रजांची, अंमल इंग्रजांचा आणि कापूसही त्यांचाच! १८५६ साली कारभार सोडताना गव्हर्नर जनरल डलहौसीने जो अहवाल लिहिला, त्यात नागपूर व वऱ्हाड मिळाल्यामुळे हिंदुस्थानातील उत्तमोत्तम कापसाचा मुलूख हाती आला, अशा अर्थाचे समाधान नमूद आहे. कर्जाची वही उघडली ती फौजेच्या पगारासाठी. ती मिटली तेव्हा हाती कापसाचा प्रांत होता.

याचा पुढील भाग अधिक बोधप्रद आहे. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे पारितोषिक म्हणून १८६० च्या तहाने उरलेले कर्ज माफ झाले, रायचूर व धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. हैदराबादचे थोर दिवाण सर सालारजंग यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. १८७६ साली ते विलायतेसही जाऊन आले. उपयोग झाला नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कर्झनने वर्षास २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडले. १९१८ साली निजामास ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ असा किताब मिळाला, १९३६ साली त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. दोस्ताला किताब आणि युवराजाला नाव; प्रांत दुसऱ्याच्या हाती! ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. ती कुऱ्हाड कोणाच्या हाती होती, हे म्हणताना आठवावे.

आता कापसाच्या वाटेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपला कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून सुमारे ५०० मैल दूर मिर्झापुरास जाई, व तेथून गंगेतून नावांनी कलकत्त्यास. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी व विकाजी या पारशी पेढीवाल्यांनी ५०० बैलांचा तांडा मुंबईच्या दिशेने धाडला आणि वाट बदलली. खामगाव व अमरावती या पेठा नावारूपास आल्या. अमरावतीच्या नावावरूनच या कापसास मुंबईच्या व विलायतेच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणू लागले. तरीही इंग्लंडच्या गिरण्यांना हा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला माल नकोसा वाटे. त्यांच्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई, आणि तो गुलामांच्या श्रमाने पिकत असे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब साधा होता: ‘कापूस आमचा, लँकेशायर त्यावर जगते, तो अडविला की इंग्लंड आमच्या मदतीस धावेल.’ म्हणून त्यांनी त्या वर्षीचा कापूस आपण होऊन रोखून धरला. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केलीच होती. लँकेशायरात गिरण्या थंडावल्या, लाखो लोक मदतीच्या अन्नावर आले. ‘अडला हरी’ आता पाय धरणार, अशी दक्षिणेची खात्री होती.

हरीने पाय धरले नाहीत. त्याला कारणे होती. १८५९ आणि १८६० च्या भरघोस पिकांचा साठा गुदामांत होता. इंग्लंडास उत्तरेचा गहूही हवा होता. आणि तिसरे कारण म्हणजे बदली माल मिळाला: इजिप्त होता, आणि हिंदुस्थान होता. १८६२ साली इंग्लंडात आलेल्या कापसात सिंहाचा वाटा हिंदुस्थानचा होता. ज्या ‘सुरती’ कापसाला लँकेशायरचे विणकर नाके मुरडीत, तोच त्यांच्या चात्यांवर चढला.

चौथे कारण आम्ही मुद्दाम वेगळे सांगतो, कारण ते केवळ स्वार्थाचे नाही. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आणली. तिच्या आदल्याच दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठविले होते. ज्यांच्या चुली कापसावाचून विझल्या होत्या, त्यांनीच गुलामांच्या कापसासाठी लढणाऱ्यांस नकार दिला. लिंकनने त्या पत्रास कृतज्ञतेचे उत्तर लिहिले. राष्ट्रांच्या व्यवहारात विवेकाला जागा नाही असे म्हणणाऱ्यांनी मँचेस्टरचे ते कामगार स्मरावेत.

याच युद्धातील दुसरा प्रसंग कमी लोकांस ठाऊक आहे. बंदुकीच्या दारूस सोरा लागे आणि त्या काळी उत्तम सोरा मुख्यत्वे बिहारातून येई. म्हणजे तो इंग्रजांच्या मुठीत होता. १८६१ च्या अखेरीस उत्तरेच्या आरमाराने ‘ट्रेंट’ या इंग्रज जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील पकडले. इंग्लंड खवळले. त्याच वेळी लामोत द्यू पाँ हा दारूचा कारखानदार लिंकन सरकारसाठी लंडनात सोरा खरेदीत होता. इंग्रज सरकारने त्याची निर्यात थांबविली. थोड्याच दिवसांत दोन्ही वकील मुक्त झाले आणि १८६२ च्या जानेवारीत सोऱ्याची बंदी उठली. वकील सुटले त्याला इतरही कारणे होती. इंग्रजांची युद्धाची तयारी हे तर उघडच होते. तथापि दारूच्या कोठारावर दुसऱ्याचे कुलूप असता ताठरपणा फार काळ टिकत नाही, हेही तितकेच खरे.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. दक्षिणेने कापूस अडविला आणि ती फसली. इंग्लंडने सोरा अडविला आणि ते साधले. भेद कोठे आहे? कापसाला साठा आणि बदली दोन्ही होते. सोऱ्याला त्या आठवड्यांत बदली नव्हती. शिवाय कापूस जहाजांवाचून निरुपयोगी, आणि जहाजे दक्षिणेच्या हाती नव्हती. तात्पर्य, माल आपल्याजवळ आहे एवढ्याने सामर्थ्य येत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण खरी. पण ससा विकावयाची वाट दुसऱ्याच्या दारावरून जात असेल, तर पारधी तो दुसराच.

वऱ्हाडला हाच अनुभव लगेच आला. युद्धाच्या काळात कापसाचे भाव गगनास भिडले. मुंबईत शेअरांचे वेड माजले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. लँकेशायर पुन्हा अमेरिकेच्या लांब धाग्याकडे वळले. गरज सरो, वैद्य मरो! तरीही इंग्रज सरकारने वऱ्हाडची वाट पक्की केली, कारण पुन्हा अडचण आली तर बदली हाताशी हवी होती. १८६७ साली आगगाडी आपल्या अकोल्यावरून नागपुरास पोहोचली. रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास ‘कापूस कमिशनर’ नेमला गेला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने केले. पुढे मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी, आपण लाडाने ‘शकुंतला’ म्हणतो ती लहान रेल्वेही मुख्यतः कापसासाठीच झाली. गाड्या आल्या, तारा आल्या, दाबाचे कारखाने आले. मात्र ज्वारीच्या रानात कापूस शिरला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच सोन्याच्या वऱ्हाडात माणसे खडी फोडण्याच्या कामावर लोटली. जो प्रांत साऱ्या जगाला वस्त्र पुरवी, त्याच्या कणग्या रिकाम्या होत्या.

पुढे एक नवे गिऱ्हाईक आले: जपान. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालाचे भाडे पी. अँड ओ. ही बलाढ्य इंग्रज आगबोट कंपनी ठरवी. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानास गेले आणि तेथील निप्पॉन युसेन कायशा कंपनीशी त्यांनी हातमिळवणी केली. पी. अँड ओ.ने दर इतके उतरविले की टाटांना आपली बोटींची ओळ आवरती घ्यावी लागली. परंतु जपानी कंपनी टिकली, कारण तेथील सूतगिरणीवाल्यांनी आपला कापूस तिच्याच बोटींतून आणण्याची हमी एकजुटीने दिली होती. एकट्या टाटांची बुद्धी व धाडस कमी नव्हते. पाठीशी संघ नव्हता. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, त्याकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

चाळीस वर्षांनी याच व्यापाराने तह घडविला. जपानी कापड स्वस्त येऊ लागले म्हणून १९३३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने त्यावर ७५ टक्के जकात बसविली. उत्तरादाखल जपानच्या गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. मुंबई-मँचेस्टरचे कापड वाचवावे तर वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याचा कापूस पडून राहतो, असा पेच पडला. सिमला व दिल्ली येथे वाटाघाटी होऊन १९३४ साली करार झाला. जपानने वर्षास १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि ३२ कोटी ५० लाख वार कापड आणावे. १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वारांपर्यंत आणावे. तहाच्या कलमात गाठी आणि वार मोजलेले आहेत! ज्या शेतकऱ्याने सिमल्याचे नावही क्वचितच ऐकले असेल, त्याच्या बोंडासाठी दोन राज्ये सौदा करीत होती. तेथे त्याच्या वतीने बोलणारे सरकार मात्र त्याने निवडलेले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपले झाले. परंतु नियम बदलला नाही. १९५६ साली अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार झाला, त्यात गव्हाबरोबर कापूसही होता. १९६५-६६ च्या दुष्काळात व्हिएतनामविषयी आपल्या सरकारची मते न रुचल्याने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी, हात राखून सोडली. त्या अपमानातून आपण धडा घेतला. नवे बियाणे, कालवे, खते, सरकारी खरेदी यांच्या बळावर देश धान्यात स्वावलंबी झाला. १९६९ साली आपल्याच अकोल्यात कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्याला ज्यांचे नाव आहे त्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात शेतीखाते सांभाळले होते. परराष्ट्र धोरणाचा कणा शेतात असतो, हे त्या पिढीने ओळखले होते.

अलीकडचे दोन दाखले सांगून हा भाग पुरा करतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मृदाधातूंच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले आणि मोटारींसाठी लोहचुंबक मिळेनात म्हणून अमेरिका, युरोप व भारत येथील कारखानदार हवालदिल झाले. हे धातू इतरत्र नाहीत असे नाही. आपल्या समुद्रकाठच्या वाळूतही ते आहेत. परंतु ते शुद्ध करण्याची विद्या व कारखाने चीनने वर्षानुवर्षे जमविले. वऱ्हाडजवळ कापूस होता आणि चाती मँचेस्टरात होती, तेव्हा सामर्थ्य मँचेस्टरचे ठरले. आज कच्ची माती अनेकांकडे आहे आणि भट्टी चीनमध्ये आहे.

दुसरा दाखला तर आपल्या अंगणातला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात, आपण रशियाचे तेल घेतो हे कारण देऊन, एकंदर ५० टक्क्यांवर नेली. कापडगिरण्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर माफ केला. ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. अमेरिकेच्या कापसालाही तिचा लाभ झाला. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यास ७,७१० व लांब धाग्यास ८,११० रुपये क्विंटल होता. खुल्या बाजारात अनेक ठिकाणी त्याहून कमी भावाने सौदे झाले. रशियाचे तेल, अमेरिकेची जकात, तिरुपूरचे कपडे आणि आपल्या घरातील कापसाचा ढीग हे एकाच दोरीत ओवलेले आहेत. गिरणीकामगारही आपलाच आहे, म्हणून आम्ही त्या निर्णयास केवळ दूषण देत नाही. परंतु दोरी ताणली गेली की ती प्रथम शेतकऱ्याच्याच बोटाला कापते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

या साऱ्या इतिहासातून आम्ही तीन प्रश्न काढतो. कोणतीही मैत्री, राष्ट्राची असो वा माणसाची, जोखताना ते विचारावेत. पहिला: माझ्या मालाची बदली समोरच्यास किती दिवसांत मिळते, आणि त्याच्या मालाची मला? दुसरा: मालाची वाट कोणाच्या हाती आहे? तिसरा: आगाऊ पैसा कोणी दिला आहे? निजाम तिसऱ्या प्रश्नावर हरला, अमेरिकेची दक्षिण पहिल्या दोहोंवर, आणि आपले आजेपणजे तिन्हींवर.

ज्ञातिबांधवहो, हे प्रश्न आपल्या घरीही लागू पडतात. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे कापूस पिकवितात. बियाणे दुकानदाराकडून उधार, खत उधार, आणि ज्याची उधारी त्यालाच माल, अशी रीत अजून गेलेली नाही. कंटिंजंटच्या खर्चाहून ही गोष्ट निराळी नाही. ज्याला महिनाभर थांबता येत नाही त्याला भाव ठरविता येत नाही. तूर, सोयाबीन, हरभरा यांसाठी बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना आहे. माल गुदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी वडिलांबरोबर समितीत जाऊन ते कागद करून द्यावेत. सगळे रान एका पिकाखाली घालू नये. घरापुरती ज्वारी आणि डाळ असावी. आणि पाच-दहा घरांनी एकत्र येऊन सरकी काढून रुई विकण्याचा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा. पुढची एक पायरी आपल्या हाती आली, तर तेवढीच वाट आपली होते.

आता थोडे मंडळाविषयी, आणि ते वडीलकीच्या नात्याने. आपला विद्यार्थी साहाय्य निधी काही मोजक्या उदार दात्यांच्या देणग्यांवर चालतो. त्यांचे ऋण आम्ही मस्तकी धारण करतो. परंतु जी संस्था दोन-चार हातांवर उभी असते, तिचा आवाज त्या हातांच्या मर्जीने चढतो-उतरतो. यात दात्याचा दोष नाही, हा रचनेचाच गुण आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने, ऐपत लहान असो वा मोठी, दरसाल ठराविक वर्गणी द्यावी, अशी आमची सूचना आहे. जपानच्या गिरणीवाल्यांनी प्रत्येकी थोड्या गाठींची हमी दिली म्हणून त्यांची बोट बलाढ्य कंपनीपुढे तरली. शंभर घरांच्या लहान हमीतून शिकलेला मुलगा वा मुलगी कोणा एकाच्या उपकाराखाली वाकणार नाही. ती सर्वांची होईल.

आणि शेवटचे. मँचेस्टरच्या कामगारांना आम्ही या व्याख्यानात मुद्दाम स्थान दिले. आर्थिक बळ राष्ट्रांना वाकविते हे आम्ही विस्ताराने सांगितले. पण पोटाला चिमटा बसत असताही अन्यायाच्या बाजूस न जाण्याचे बळ माणसांत असते, हे त्यांनी दाखविले. आपल्या समाजाने पहिले बळ कमवावे आणि दुसरे जपावे. शेजारच्या समाजाच्या अडचणीत आपला भाव वाढविण्याची संधी पाहू नये. कारण त्याच्याही आणि आपल्याही कापसाची गाडी अखेर एकाच बाजारात उभी राहते.